मूर्तिकाराचा उजवा खांदा: श्वसनाच्या व्यायामांचा वाटा नेमका किती?

रुग्ण पुरुष, वय ४७, सगळं काम उजव्या हाताने. बडोद्याच्या दांडिया बाजार भागात घराण्याचा गणपतीचा कारखाना, हे तिसऱ्या पिढीतले मूर्तिकार. तक्रार उजव्या खांद्याची: पुढच्या आणि बाहेरच्या बाजूला दुखतं, साधारण साडेचार महिने झाले, हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येते, उजव्या कुशीवर झोप लागत नाही, संध्याकाळपर्यंत मान आखडून जाते. (ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील थोडे बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.)

ते माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी आले तेव्हा वैशाख संपत आला होता. भाद्रपदातली चतुर्थी तेरा आठवड्यांवर, आणि त्या तारखेला मुदतवाढ मिळत नाही. त्यामुळे ‘दीड महिना हाताला पूर्ण विश्रांती’ हा त्यांना आधी मिळालेला सल्ला कागदावर कितीही बरोबर असला तरी त्यांच्या उपयोगाचा नव्हता. वेदनाशामक गोळ्या घेऊन झाल्या होत्या, दोन वेळा मालीशही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा पर्याय डॉक्टरांनी सांगितला होता. तो त्यांनी राखून ठेवला होता. एक्स-रे साफ. सोनोग्राफीत सुप्रास्पायनेटस या खांद्याच्या वरच्या स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जाड झालेला, पण कुठे आरपार फाटलेला नाही.

तपासणीत जे सापडलं ते फारसं अनपेक्षित नव्हतं. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान दुखायचं, त्याच्या खाली आणि वर कमी. हात बाहेरच्या बाजूला वळवण्याची ताकद उजवीकडे स्पष्ट कमी. मान मागे आणि बाजूला वाकवून दाब दिला तरी हातात मुंग्या किंवा कळ उतरली नाही, म्हणजे मानेतल्या नसेचा संशय मागे पडला. कोपर अंगाला चिकटवून हात मी स्वतः बाहेर वळवला तेव्हा तो जवळजवळ डाव्याइतकाच वळला. ही तपासणी मी कधी सोडत नाही. चाळिशी-पन्नाशीतला खांदा, त्यात मधुमेह असला तर गोठलेल्या खांद्याची शक्यता मोठी असते आणि तिथे हीच हालचाल सर्वांत आधी अडते. इथे ती मोकळी होती आणि रक्तातली साखरही ठीक. वेदना आणि रोजच्या कामातली अडचण मोजायला स्पॅडी ही १९९१ साली तयार झालेली प्रश्नावली वापरली. तिच्यात १३ प्रश्न असतात, ० ते १०० गुण, आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. त्यांचे गुण ५८ आले. कामानंतरची वेदना दहापैकी सात.

इथवर हे रोटेटर कफच्या, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायू-टेंडनच्या वेढ्याच्या, दुखण्याचं नेहमीचं प्रकरण होतं. १९७२ साली अमेरिकी शल्यचिकित्सक चार्ल्स नीअर यांनी मांडलेली कल्पना अशी, की हात उचलताना वरचं हाड टेंडनला घासतं, म्हणून ते हाड तासून जागा करावी. पुढे अनेक दशकं या शस्त्रक्रिया झाल्या. २०१८ मध्ये ब्रिटन आणि फिनलंडमधल्या दोन चाचण्यांनी खरी शस्त्रक्रिया आणि नुसतीच दुर्बीण घालून पाहणं यांची तुलना केली, आणि रुग्णाला जाणवेल असा फरक हाती आला नाही. म्हणून आज अशा खांद्याला पहिला उपचार व्यायाम, तोही भार हळूहळू वाढवत नेणारा. माझाही बेत तोच होता. श्वास या प्रकरणात शिरला तो दुसऱ्याच दाराने.

नाडी मोजायच्या निमित्ताने मनगट धरून मी त्यांचे श्वास मोजत होते. श्वास मोजतेय असं सांगितलं की माणूस लगेच नीटनेटका श्वास घ्यायला लागतो, म्हणून हा जुना डाव. बसल्या जागी मिनिटाला २० भरले. प्रौढ माणसाला १२ ते २० नेहमीचे, म्हणजे आकडा अगदी वरच्या काठावर. पण आकड्यापेक्षा त्याची तऱ्हा बोलकी होती. प्रत्येक श्वासाला हासळीची हाडं उचलली जात, मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू उठून दिसत आणि खालच्या बरगड्या जवळपास हलत नसत. छातीच्या खालच्या टोकाशी टेप लावून पूर्ण श्वास आणि पूर्ण उच्छ्वास यांतलं अंतर मोजलं, ते अडीच सेंटिमीटर. पोट कायम आत ओढलेलं. लहानपणी बरीच वर्षं मल्लखांब केला होता, आणि ‘छाती बाहेर, पोट आत’ ही तालमीतली शिस्त अंगात मुरली ती मुरलीच. बडोद्यात अशी माणसं मला पुष्कळ भेटतात, जुम्मादादांच्या आखाड्याचं गाव आहे हे.

अशा वेळी ‘तुमचा श्वास चुकतोय’ असं सांगून मोकळं व्हायचा मोह होतो. तो टाळायचं कारण त्यांच्या धंद्यातच होतं. हा माणूस तीस वर्षं प्लास्टरच्या धुळीत आणि स्प्रे गनच्या रंगात उभा आहे. त्याचा श्वास उथळ असेल तर तो सवयीने आहे की फुप्फुसाने, हे आधी कळायला हवं. शिवाय खांद्याचं दुखणं दरवेळी खांद्यातून येतं असंही नाही. फुप्फुसाच्या टोकाची गाठ खांद्यात दुखू शकते. श्वासपटलाची (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याची) नस मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जारज्जूच्या पातळीतून निघते आणि खांद्याच्या माथ्याची त्वचाही त्याच पट्ट्यातली, म्हणून पित्ताशय किंवा यकृताखालचा दाह उजव्या खांद्यावर बोलतो. जिना चढल्यावर वाढणारं दुखणं, घटतं वजन, न जाणारा खोकला, रात्रीचा घाम हे सगळं विचारलं, काही नव्हतं. तरी छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून करायची फुप्फुसाची चाचणी करून या म्हणून त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. दोन्ही अहवाल ठीक आले, आणि मगच श्वासाला हात घातला. हा क्रम उलटा झालेला मी पाहिला आहे, म्हणून इतकं लांबण लावून लिहितेय.

त्यांना हे सगळं पाल्हाळ वाटत होतं. “ताई, प्राणायाम मी रोज करतो, कमाटीबागेत, सकाळी सहाला. श्वासाचं सोडा, खांद्याचं बोला.” करून दाखवा म्हटलं. भस्रिकेत दर श्वासाला दोन्ही खांदे कानापर्यंत उडत होते. आणि अनुलोम-विलोम पंधरा-वीस मिनिटं, उजवा हात अधांतरी नाकाशी धरून. दुखऱ्या खांद्याला दिवसाच्या सुरुवातीलाच एवढं ओझं, आणि तेही आरोग्यासाठी! अनुलोम-विलोम बंद करायची गरज नव्हती. उजव्या कोपराखाली दोन उशा घ्या किंवा डाव्या हाताने करा, इतकंच सांगितलं. भस्रिका काही आठवडे बाजूला ठेवायला लावली. ती त्यांना जड गेली, कारण तिच्याशिवाय ‘अंगात ऊब येत नाही’.

कारखान्यात

पुढची गोष्ट दवाखान्यात कळली नसती. कारखान्यात गेले तेव्हा ज्येष्ठ लागला होता, पत्र्याखाली उकाडा असह्य. एका कोपऱ्यात घासकाम चाललेलं, एकीकडे पांढरा हात मारलेल्या मूर्ती रांगेत, आणि मध्ये हे, एका तीन फुटी मूर्तीचे डोळे आखत. आखणी घरात फक्त तेच करतात. बाकी रंग पुतणे आणि कारागीर देतात, डोळे मालकाचे.

मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून बघत होते. ब्रश हातात घेतला, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवली, छाती भरून श्वास घेतला आणि रोखला. वरच्या पापणीची रेघ एका दमात. मग न सोडता खालची. मग बुबुळाची कड. तोवर खांदा कानाशी जाऊन बसलेला, मानेची शीर ताठ. मग फुस्सकन श्वास सोडून दोन-तीन भराभर घेतले आणि पुन्हा छाती भरली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच, मोसमात शेकडो मूर्तींसाठी. मोठ्या मूर्तींना तर डोळे स्वतःच्या कपाळाच्या वर येतात, म्हणजे हात खांद्याच्या पातळीवर किंवा वर आणि श्वास भरून रोखलेला.

श्वास न रोखता आखा, असं सांगणं सोपं आणि निरर्थक. श्वासाबरोबर छाती हलते, छातीबरोबर खांदा, आणि रेघ वाकडी येते. नेमबाजही घोडा दाबताना क्षणभर श्वास थांबवतो. पण तो कुठे थांबवतो? सहज उच्छ्वास झाल्यानंतर, पुढचा श्वास सुरू होण्याआधीच्या विसाव्यात. त्या वेळी श्वासाचे स्नायू सैल असतात आणि बरगड्या खाली उतरलेल्या असतात. छाती भरून थांबलं की तीच छाती वर तोलून धरायला मानेच्या आणि बरगड्यांमधल्या स्नायूंना सतत काम पडतं. तेव्हा त्यांच्यासाठी सूचना एवढीच झाली: रोखा, पण भरून नाही, सोडून, आणि एका दमात एकच रेघ.

याला खांद्याच्या रचनेचा आधार आहे, पण तो लोक सांगतात तितका सरळ नाही. खांद्याचं पातं धडाला हाडाने जोडलेलं आहे ते फक्त हासळीतून; बाकी ते स्नायूंच्या भरवशावर बरगड्यांवरून सरकतं. हात पूर्ण वर जातो त्या १८० अंशांत साधारण तिसरा हिस्सा पात्याच्या फिरण्याचा असतो. छोटा पेक्टोरल स्नायू तिसऱ्या ते पाचव्या बरगडीपासून निघून पात्याच्या पुढच्या चोचीला धरतो. तो आखडला की पातं पुढे कलतं आणि हात वर जाताना मागे झुकायला नाखूश असतं. सेरेटस हा बरगड्यांवरून निघून पात्याच्या आतल्या कडेला लागणारा स्नायू ते फिरवतो. म्हणजे बरगड्यांचा पिंजरा कुठल्या स्थितीत आहे याचा पात्याशी संबंध आहेच. पण मानेचे स्केलीन स्नायू शांत श्वासातही थोडं काम करतात, हे मोजून पाहिलेलं आहे. ‘मान हलली म्हणजे श्वास बिघडला’ हा समाजमाध्यमांवरचा निवाडा म्हणून मला मान्य नाही. या माणसात मी लक्ष दिलं ते त्या स्नायूंना दिवसभरात उसंतच मिळत नव्हती म्हणून.

उपचार

पहिले दोन आठवडे श्वसनाचं काम मुख्यतः आडवं पडून. पाठीवर झोपायचं, पोटऱ्या खुर्चीवर, दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर. नाकाने हलका श्वास, हात बाजूंना सरकतील इतपत. मग गरम चहावर मारतो तशी बारीक, लांब फुंकर, बरगड्या खाली उतरेपर्यंत. शेवटी दोन क्षण थांबायचं. पाच-सहा श्वास, मग साधा श्वास, मग पुन्हा. दिवसातून तीन वेळा. पहिल्या दिवशी त्यांना गरगरलं. जोर लावून मोठमोठे श्वास घेत होते, त्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि डोकं हलकं होतं. श्वास लहान केल्यावर ते थांबलं. ‘खोल श्वास घ्या’ ही सूचना मी त्यामुळेच देत नाही. ‘सावकाश सोडा’ म्हटलं की घेणं आपोआप सुधारतं.

दुसरा प्रकार बसून: टेबलावर दोन्ही कोपरं टेकवून पुढे झुकायचं आणि श्वास पाठीच्या बाजूला, पात्यांच्या मध्ये, जातोय असं बघायचं. पोट कायम आत धरणाऱ्या या गृहस्थांना पाठीवर झोपून जमेना ते या स्थितीत पटकन सापडलं. तिसरा प्रकार डाव्या कुशीवर, उजवा हात पोटाशी उशी घेऊन तिच्यावर. हा मुख्यतः रात्रीसाठी. दुखऱ्या हाताचं वजन उशीवर गेल्यामुळे झोप लागली की श्वासामुळे, हे सांगता येत नाही. झोप लागायला लागली, ते खरं.

खांद्याचं काम पहिल्या दिवसापासून सोबत होतंच. आधी भिंतीला हात दाबून बाहेर वळवण्याचा जोर, न हलता, पाऊण मिनिट धरून. इथेही ते श्वास रोखायचे. मोठ्याने आकडे मोजा म्हटलं तर कंटाळले, मग रामरक्षा म्हणत करू लागले. तोंडाने बोलत असताना श्वास रोखता येत नाही, त्यामुळे माझं काम झालं आणि त्यांचंही. तिसऱ्या आठवड्यापासून रबरी पट्टा, कुशीवर झोपून अर्धा आणि मग एक किलोचं वजन, भिंतीवर हात सरकवत वर नेणं, भिंतीशी उभं राहून दंड आणि शेवटी पाठ थोडी मागे ढकलणं. यात उच्छ्वासाचा ताल बांधून दिला: जोर लागतो तेव्हा फुंकर. उच्छ्वासाच्या शेवटी हात लांब पुढे पोचवला की सेरेटस जागा होतो, हे त्यांना बोट लावून दाखवावं लागलं.

कामात जे बदल केले ते या सगळ्याइतकेच महत्त्वाचे. मोठ्या मूर्तीसमोर लाकडी माची केली, म्हणजे मूर्तीचे डोळे आखणाऱ्याच्या डोळ्यांच्या समोर आले. मनगट टेकवायला एक काठी, चित्रकार वापरतात तशी. लहान मूर्ती फिरत्या पाटावर. डोक्यावरचं स्प्रेकाम पुतण्याकडे.

पाचव्या आठवड्यात गाडी घसरली. सुरतेकडची एक मोठी ऑर्डर, सलग काही रात्री स्प्रे गन त्यांनी स्वतःच धरली, आणि खांदा पुन्हा सातवर. वजनाचे व्यायाम त्यांनी त्यांच्या मनाने बंद केले. श्वासाचे चालू ठेवले, कारण ते झोपून करता येत होते. प्रकरण म्हणून हा काळ मला सगळ्यात उपयोगी वाटतो. जवळजवळ दोन आठवडे फक्त श्वसन आणि बदललेली आखणी. तेवढ्यात मानेची आखड उतरली, रात्रीची जाग कमी झाली, बसल्या जागची वेदना खाली आली. पण हात उचलतानाची ६० ते १२० मधली कळ आणि बाहेर वळवण्याची कमी ताकद जागच्या जागी. वजनं पुन्हा सुरू झाली, आधीच्या निम्म्यापासून, तेव्हा ती कळ आठवड्या-आठवड्याने सुटत गेली.

आषाढ-श्रावणात आठवड्याला एकदा भेट. शेवटी उभं राहून तीन किलोचा डबा डोक्यावरच्या फळीवर ठेवणं-काढणं, कारण त्यांच्या रंगाच्या डब्यांचं वजन साधारण तेवढंच.

बारा आठवड्यांनी

स्पॅडीचे गुण ५८ वरून १७. कामानंतरची वेदना सातवरून दोन-तीन. हात पूर्ण वर, मधल्या टप्प्यात हलकी जाणीव उरली आहे. बसल्या जागचे श्वास मिनिटाला १४, छातीचा फुगवटा साडेचार सेंटिमीटर. इंजेक्शन लागलं नाही. चतुर्थीच्या मूर्ती वेळेवर गेल्या.

या सुधारणेतला किती वाटा श्वासाचा? एका रुग्णात हे वेगळं काढता येत नाही. असं दुखणं थोडंफार काळानेही उतरतं, आणि माची, काठी, पुतण्याने धरलेली स्प्रे गन यांचाही हिस्सा आहे. खांद्याच्या दुखण्यात श्वसनाच्या व्यायामांवर जे अभ्यास झाले आहेत ते लहान आहेत. त्यांच्या जोरावर श्वासाला मुख्य उपचार म्हणणं मला धाडसाचं वाटतं. माझं मत त्या मधल्या दोन आठवड्यांवरून बनलं आहे. मान, झोप आणि दिवसभराचा ताण यांवर श्वसनाने काम केलं. टेंडनला ताकद वजनांनीच दिली. जिथे रुग्णाच्या कामात श्वास रोखणं रुजलेलं आहे, तिथे तो शोधायला वेळ घालवावा. मूर्तिकार, सुईत दोरा ओवणारी शिंपीण, दागिन्यांवर खडे बसवणारा सोनार, हे सगळे रोखतात. जिथे असं काही दिसत नाही तिथे पंधरा मिनिटं ‘पोटाने श्वास’ शिकवत बसण्यापेक्षा ती वेळ मी वजनाला देईन.

उरलेल्या गोष्टी: उजव्या कुशीवर रात्रभर झोप अजून येत नाही. बाहेर वळवण्याची ताकद डाव्यापेक्षा थोडी कमीच आहे, म्हणून पट्टा आणि वजनं आठवड्यातून दोनदा चालू. नवरात्राच्या देवीच्या मूर्तींचं काम लागलीच सुरू झालं, त्यात हात आठ आणि उंची जास्त. माची फूटभर वाढवून घेतली आहे. भस्रिका त्यांनी मला न विचारता पुन्हा सुरू केली, खांदे न उडवता जमते असं म्हणतात, आणि बघितली तर खरंच बरी जमते. स्प्रेसाठी गाळणीचा मास्क आणला आहे. त्यातून श्वास ओढायला जोर लागतो आणि उकाड्यात तो गळ्यात लटकतो. हलका, झडप असलेला मास्क मिळतो का ते बघतोय; तोवर स्प्रेचं काम पत्र्याबाहेर, उघड्यावर करायचं ठरलं आहे, पाऊस नसेल तेव्हा.